दोन पायऱ्यांचा जिना

आबा,

यंदा आखाजीला तुमची घागर कलली. तुम्ही गेल्यापासून तुमच्या नावाने ती मागच्या खोलीच्या त्याच कोपऱ्यात मांडतो आपण. धाकट्याच्या बायकोने गव्हावर घागर ठेवली, तोंडावर आंबा ठेवला आणि हात काढला, तशी ती भिंतीकडे झुकली. आंबा घरंगळत गेला आणि भिंतीला टेकून थांबला. पाणी त्याच्या मागोमाग गेलं, फरशी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरलं आणि नाहीसं झालं. पुसायला फडकं आणलं तर पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई खाटेवर बसून बघत होती. म्हणाली, "तहान लागेल व्हती त्यास्ले." धाकट्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मी मात्र त्या फटीकडे बघत राहिले. पाणी तुम्ही प्यायला नव्हतात, आबा. तुमची माती प्यायली होती.

या खेपेला मी जळगावहून आले होते ती एरवीसारखी माहेरपणाला नव्हे. धाकट्याच्या मुलाचं दिवाळीनंतर लग्न आहे. नव्या जोडप्यासाठी घरावर मजला चढवायचा धाकट्याने ठरवलं, आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त सोडतो कोण? गच्चीवर शिडीने चढवलेल्या विटांच्या थप्प्या आधीच लागल्या होत्या. अंगणात वाळूचा ढीग, मागच्या भिंतीला लागून ठेकेदाराने आणून ठेवलेली पाण्याची काळी टाकी, आणि आपल्या त्या दोन पायऱ्यांवर हळदीकुंकू. काम तिथूनच सुरू व्हायचं होतं. ठेकेदार खुशीत होता. "दोन पायऱ्या तयारच आहेत, भाऊ. तेवढंच आमचं काम कमी." सगळे हसले. मीही हसले असेन.

त्या मातीचा ट्रक आला तो दिवस मला लख्ख दिसतो. मी शाळेचा निळा पिनाफोर घालून फाटकावर उभी आहे. देवपुरात तेव्हा आपल्या पलीकडे बाभळीच होत्या. पायाला चांगला कडक मुरूम लागला म्हणून मिस्त्री खूश होते आणि जोतं बांधून तयार होतं. आता आतल्या चौकोनांत भराव टाकायचा, वर फरशी. मिस्त्रींनी मुरूम मागवा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, भराव माझा मी आणतो. आणि आला तो धरणगावकडच्या आपल्या वावरातल्या काळ्या मातीचा ट्रक. वर काका बसलेले, पांढऱ्या टोपीवर मातीचे डाग. वाटण्या नुकत्याच झाल्या होत्या. तुमचा हिस्सा तुम्ही काकांना सोडून दिला होता आणि बदल्यात फक्त घरात भरण्यापुरती माती मागितली होती. काका उडी मारून उतरले आणि म्हणाले, "भाऊ, वावर सोडी दिधं नि माटी मांगी लिधी. उलटंच शे तुन्हं बठ्ठं!" तुम्ही हसत होता. "वावर तू कस रे. मन्हं घर आपली माटीवर उभं राहीनं म्हंजे झायं." मिस्त्रींनी एकदा विचारलं, "काळी भरायची? नक्की?" तुम्ही म्हणालात, नक्की. आम्ही दोघं भावंडं त्या ढिगावर लोळलो. माती गार होती, मऊ होती, ढेकूळ हातात दाबलं की लोण्यासारखं बोटांत यायचं. तुम्ही मूठभर उचलून माझ्या नाकाशी धरलीत. "हिच्यात काय टाकशील ते येतं, बाई. आपल्याला हिनेच वाढवलं." कचेरीत दिवसभर कागद हाताळणारा माणूस त्या संध्याकाळी चौकोनाच्या आत उतरून अनवाणी माती तुडवत होता. मी तुम्हांला इतकं आनंदी पुन्हा क्वचितच पाहिलं.

मग पहिला पावसाळा. मागच्या खोलीचं दार लागेना. लाकूड फुगलं, तुम्ही म्हणालात, आणि रंधा आणून दाराची कड तासलीत. त्याच सुमाराला खोलीच्या कोपऱ्यात, फरशीच्या कडेने एक कोंब वर आला. ट्रकमधून मातीबरोबर सरकीचं बी आलं असणार. दोन जाड पानं, पांढुरकी, उजेड नसल्यामुळे खिडकीकडे मान वाकवलेली. आईने उपटायला हात घातला तर तुम्ही तिचा हात धरलात. "राहू दे. घरात कपाशी उगवली, याहून चांगलं काय पाहिजे?" आईने त्याला कुंकू वाहिलं. शेजारच्या बायका बघायला आल्या. एक म्हणाली, "भाऊ, आता वेचणीला मजूर लावा!" मला आठवतं ते असं की सगळे हसत असताना तुम्ही खाली वाकून त्या कोंबाशेजारची फरशी बोटांनी दाबून बघत होता. एकदा दाबलीत, मग जरा पलीकडे जाऊन पुन्हा दाबलीत. मी समजले, तुम्ही कोंबाला धक्का लागू नये म्हणून बघताय.

जिन्याचं काम त्याच महिन्यात थांबलं. अंगणातून गच्चीवर जाणारा जिना नकाशात होता, दोन पायऱ्या बांधूनही झाल्या होत्या. तुम्ही मिस्त्रींना सांगितलंत, आता राहू द्या, पुढे बघू. ते पुढे कधी आलं नाही. कॉलनीत प्रत्येक घराला जिना झाला. उन्हाळ्यात सगळ्या बायका गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालायच्या, आणि आई अंगणात खाटेवर लुगडं पसरून, एका हातात काठी घेऊन कावळे हाकत बसायची. आमच्या त्या दोन पायऱ्यांवर कुंड्या आल्या, कधी सायकल टेकली. चित्रकलेच्या तासाला सिस्टरांनी 'माझे घर' काढायला सांगितलं. मी जे होतं ते काढलं. सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि इंग्रजीत विचारलं, हा जिना जातो कुठे? त्यांनी खाली लाल पेन्सिलीने 'अपूर्ण' असा शेरा मारला. घरी येऊन मी तुम्हांला तो दाखवला. तुम्ही चित्र हातात घेतलंत, पायऱ्यांवरून बोट फिरवलंत आणि परत दिलंत.

मिस्त्री जाताना पातळी बघायची पाणसळ विसरून गेले होते, ती तुम्ही मला खेळायला दिली होती. काचेच्या नळीतला तो हिरवट बुडबुडा मला फार आवडायचा. मी ती घरभर ठेवत फिरायचे: ओट्यावर, देव्हाऱ्यात, खिडकीत. एकदा मागच्या खोलीत फरशीवर ठेवली आणि तुम्हांला हाक मारली, "आबा, इथे बुडबुडा मधे येतच नाही!" तुम्ही आलात, बघितलंत, पाणसळ उचलून कपाटावर ठेवलीत. "फुटेल ती," म्हणालात. नंतर मी किती मागितली तरी ती खाली आली नाही.

तुम्ही आमच्यावर एकदाच ओरडलात. संक्रांतीला शेजाऱ्यांची बांबूची शिडी लावून मी, धाकटा आणि कॉलनीतली सगळी पोरं आपल्या गच्चीवर चढलो होतो. पतंगापेक्षा उड्याच जास्त चालल्या होत्या. तुम्ही कचेरीतून आलात, सायकल तशीच टाकून दिलीत आणि खालून ओरडलात, "उतरा! आधी उतरा सगळे! एकेक जण!" तुमचा आवाज फाटला होता. खाली आल्यावर धाकट्याचा दंड इतका घट्ट धरलात की बोटं उमटली. आई म्हणाली, पोरं पडली नाहीत ना, मग इतकं काय? आम्हांलाही वाटलं की आम्ही पडू म्हणून तुम्ही घाबरलात.

घर वर्षभर हलायचं. आम्हांला त्यात नवल वाटत नसे, सगळ्यांचीच घरं अशी असतात असं वाटायचं. वैशाखात भिंतीच्या कडेने फट पडायची. तिच्यात माझ्या मणी-कवड्या गेल्या, धाकट्याच्या गोट्या गेल्या. पावसाळ्यात ती मिटायची आणि दारं अडायची. एकदा मी शाळेच्या हस्तकलेतलं प्लास्टर आणून फट बुजवली, तर तुम्ही ते सगळं चमच्याने कोरून काढलंत. "भेग बुजवायची नसते. उन्हाळ्यात जमीन तापली, भेगाळली की मग पाऊस आत मुरतो." वावरासाठी हे खरंच होतं. तुम्हांला वावराचंच ज्ञान होतं, आणि ते सगळं बरोबर होतं. तुम्ही न्हाणीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मागच्या भिंतीकडून नेलंत, तिथे लिंबू लावलं, मोगरा लावला. चांगल्या शेतकऱ्याने जे जे करावं ते सगळं तुम्ही त्या घराला केलंत.

तेच घराला बाधत होतं हे मला कळलं ते आत्ता, या वयात, जळगावला आम्ही नवराबायकोने आमचं छोटं घर बांधायला काढलं तेव्हा. प्लॉटवरचा खड्डा बघायला गेले होते. तरुण इंजिनिअर, बोलका मुलगा, सगळी काळी माती बाहेर काढून कडेला टाकत होता. मी म्हटलं, इतकी चांगली माती! तो म्हणाला, "काकू, शेताला चांगली. ही पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. जोत्यात भरली तर चारी भिंती आतून ढकलत राहील, वर्षानुवर्षं. ढकलते, सोडते, ढकलते, सोडते." त्याने दोन्ही तळहातांनी करून दाखवलं. मी विचारलं, "आणि कुणी भरलीच असेल तर?" तो हसला. "असं कोण करेल?" मी पदराने घाम पुसला. त्याला सांगावंसं वाटलं नाही. घरी येऊन देवपूरला फोन केला तर धाकटा म्हणाला, "अक्का, बरा फोन केलास. विटा आल्यात. आखाजीला ये, वरचं काम सुरू करतोय."

म्हणून मी आले होते. आदल्या दिवशीच येऊन त्याला सांगितलं. मागच्या खोलीत नेऊन भेग दाखवली. मागे आले तेव्हा तिच्यात काडी जात होती, आता माझं बोट जातं. बाहेरून जोत्याचा दगड भिंतीच्या रेषेच्या पुढे आलेला आहे, पोट सुटल्यासारखा. धाकटा ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा आवळत गेला. "अक्का, आबांनी स्वतःच्या पायांनी तुडवलेलं जोतं आहे हे. आपण दोघं होतो तिथे. तू जळगावच्या पोराचं ऐकून आबांना चुकीचं ठरवतेस?" मी म्हटलं, मी कुणाला काही ठरवत नाही, विटा उतरव. तो म्हणाला, "चाळीस पावसाळे खाल्लेत या घराने. एक खोली वर चढली तर काय पडणार आहे?" पडणार हा शब्द तोंडातून निघाला आणि दोघांचीही नजर त्या भेगेकडे गेली. पण सकाळी ठेकेदार नारळ घेऊन आलाच.

मग घागर कलली, ते सुरुवातीला सांगितलं. त्यानंतर सगळे अंगणात आलो तर आई तिथे आधीच होती. दुसऱ्या पायरीवर, कुंड्या बाजूला सारून, हळदीकुंकवावरच बसलेली. धाकटा म्हणाला, "आई, ऊठ ना. मुहूर्त टळतोय." ती हलली नाही. ठेकेदार गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्याच हाताने नारळ फोडू, पण पायरी तर द्या." आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू जाय भो, च्या पी." मग धाकट्याला म्हणाली, "मी उठाव नही. जिना का नही करा त्यास्नी, इचारं का कधी?"

कुणीच कधी विचारलं नव्हतं, आबा. चिकटपणा, आळस, विसराळूपणा, असं काहीतरी आम्ही मनात धरून होतो. आईने सांगितलं. पहिल्याच पावसाळ्यात, तो कोंब आला त्या दिवशी तुम्हांला कळलं होतं. फरशी दाबून बघितलीत तेव्हा. तुम्ही तिला म्हणालात, माझं चुकलं, ही माती घरात नको होती. तिने म्हटलं, काढून टाका. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात काढू. उन्हाळ्यात फट पडायची पण दारं सरळ लागायची, घर शांत असायचं, आणि काढायची म्हणजे काकांना कळणार, की ज्या मातीसाठी वावर सोडलं तीच घराच्या जिवावर उठली. मग पुढच्या उन्हाळ्यात काढू. तोवर तुम्ही एकच गोष्ट पक्की केलीत: या घरावर कधी वजन चढू द्यायचं नाही. जिनाच नसला तर मजला कोण चढवणार? मृग लागला की तुम्ही आमची अंथरुणं पुढच्या खोलीत न्यायचात. आम्ही ती मजा समजायचो, सगळे पावसाचा आवाज ऐकत एका रांगेत. आणि तुम्ही एकटे तुमची खाट मागच्या खोलीत, त्या भिंतीला लावून झोपायचात. आई म्हणाली, "भिंत बोलली तं पहिलं माले आयकू येवो, असं म्हनेत." तुम्ही गेल्यावर ती खाट तिने घेतली. इतकी वर्षं आम्हांला वाटलं, तुमची आठवण म्हणून ती तिथे झोपते.

धाकटा पायरीशी खाली बसला. त्याच्या हातात नारळ तसाच होता. मग तो ठेकेदाराला म्हणाला, "विटा उतरवा."

माझ्या इंजिनिअरला मी बोलावून आणलं. तो या वेळी हसला नाही. वरचा मजला कधीच नाही, म्हणाला. भराव काढावा लागेल, पण भिंतींना टेकू देऊन, एकेक खोली करत. आणि आता पाऊस दारात आहे. उघड्या खड्ड्यात पाणी भरलं तर आहे त्याहून वाईट. म्हणून पावसाळा सरल्यावर. तोवर मागच्या भिंतीपाशी पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. न्हाणीचं पाणी दुसरीकडून काढलं. लिंबू तोडताना, मोगरा उपटताना आई बघायला आली नाही. काकांच्या मुलांना फोन केला तर ते म्हणाले, अक्का, माती फेकू नका, ट्रक पाठवतो, वावरातच टाकू. हे ऐकून तुम्हांला बरं वाटेल असं मला वाटलं.

हा एकच पावसाळा काढायचा आहे. आईला जळगावला चल म्हटलं तर नाही म्हणाली. खूप मिनतवारीने ती पुढच्या खोलीत झोपायला तयार झाली, पण पहिल्याच पहाटे बघते तर पुन्हा मागच्या खाटेवर. ती जागा रिकामी असली की तिला राहवत नाही. म्हणून ती खाट आता माझी आहे. जळगावला घरी सांगितलंय, आईच्या गुडघ्यांसाठी थांबतेय.

आज दुपारी आईचा डोळा लागला होता. मी मागच्या खोलीचं दार लावायला गेले तर ते चौकटीत अडलं. खांद्याने ढकललं, हललं नाही. पाऊस अजून आलेला नाही, आबा. आकाश नुसतं गढूळ आहे, वारा पडलेला आहे. मी बाहेर जाऊन बघितलं. ठेकेदाराची ती काळी टाकी विटांबरोबर न्यायची राहून गेली होती. तिच्या बुडाला बारीक चीर आहे, आणि भिंतीच्या कडेची माती पार आतपर्यंत ओली, चमकदार. किती दिवस झिरपत होतं कोण जाणे. मी टाकीची तोटी उघडून सगळं पाणी नळीने रस्त्यावर सोडलं. पण जे आत गेलं ते गेलं. आत येऊन भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती. फट शोधली, ती मिटत आली होती.

तुमचा रंधा अजून कपाटावर आहे, पाणसळीच्या शेजारी. मी तो उतरवला आणि दाराची कड तासली, तुम्ही तासायचात तशी, वरून खाली. दार आता सहज लागतं. भुसा पदरात गोळा करून मी मोगऱ्याच्या खड्ड्यात टाकला. आई जागी झाली तेव्हा मी चहा टाकत होते. तिने विचारलं, "कसाना आवाज व्हता?" मी म्हटलं, काही नाही, शेजारी काहीतरी चाललंय.

हे पत्र मी कुठे टाकणार? वहीतलं पान आहे, उशीखाली राहील. संध्याकाळी धाकटा आला की त्याला दार अडल्याचं सांगायचं, असं मी ठरवलं आहे. तुम्हीही तेव्हा असंच ठरवलं असणार.